खाऱ्या हवेत ॲम्प्लिफायर निवडताना

घरी उत्तम संगीत ऐकता यावे म्हणून यंत्रणा उभारणारे बहुतेक लोक ॲम्प्लिफायरपासून सुरुवात करतात आणि स्पीकरपाशी पोहोचेपर्यंत त्यांचे अंदाजपत्रक आटोपलेले असते. निवडीचा क्रम उलटा असावा, असे मला ठामपणे वाटते. आधी खोली आणि स्पीकर ठरवावेत, मग त्या स्पीकरचा भार पेलणारा ॲम्प्लिफायर घ्यावा आणि डिजिटल स्रोताचा विचार सर्वांत शेवटी करावा. देवगड, मालवण, गुहागर अशा समुद्रालगतच्या गावांत राहणाऱ्यांना याखेरीज तेथील हवा आणि वीज यांचाही हिशेब मांडावा लागतो.

स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा आकडा दिलेला असतो. तो ८६ डेसिबल असेल, तर २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. ८ ओहमच्या स्पीकरला हे व्होल्टेज म्हणजे १ वॅट. तीन मीटर मागे बसले की आवाज उतरतो, पण जोडीचा दुसरा स्पीकर आणि भिंतींवरून परतणारा ध्वनी त्यातला काही भाग भरून काढतात, त्यामुळे साधारण ८३ डेसिबल धरायला हरकत नाही. आता भजनाचे एखादे चांगले ध्वनिमुद्रण सरासरी ७५ डेसिबलवर लावले, तर त्यासाठी जेमतेम एक षष्ठांश वॅट लागतो. मात्र पखवाजावरची खणखणीत थाप या सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकते, आणि तेवढ्या क्षणापुरते १६ वॅट द्यावे लागतात. तेच भजन १० डेसिबल वाढवून, म्हणजे कानाला सुमारे दुप्पट वाटेल इतक्या आवाजात लावले, तर त्या थापेसाठी १६० वॅट हवेत. म्हणूनच ८० आणि १०० वॅटच्या दोन ॲम्प्लिफायरांतला फरक एका डेसिबलइतकाच असतो आणि त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नसतो. ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर निवडला, तर मात्र तेवढ्याच आवाजासाठी निम्मे वॅट पुरतात.

वॅटपेक्षा महत्त्वाचा प्रश्न विद्युतप्रवाहाचा आहे. स्पीकरवर ८ ओहम असे छापलेले असले, तरी तो रोध स्थिर नसतो. काही कंप्रतांना तो २० ओहमपर्यंत चढतो, तर काहींना ४ ओहमपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. ८ ओहममध्ये १०० वॅट देणाऱ्या ॲम्प्लिफायरला २८.३ व्होल्ट आणि सुमारे ३.५ अँपिअर पुरवावे लागतात. रोध ३ ओहमवर आला की त्याच व्होल्टेजला ९.४ अँपिअर लागतात. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर तोकडे असतील, तर नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज बसते आणि थापेची धार बोथट होते. माहितीपत्रकात ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला २०० वॅटच्या जवळपास आकडा दिला असेल, तर वीजपुरवठ्याचा भाग भक्कम आहे असे समजावे.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या, ॲम्प्लिफायरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्यांतील काहींचा स्वतःचा अंतर्गत रोध २ ओहमच्या घरात असतो. अशा ॲम्प्लिफायरला ४ ते २० ओहम असा हेलकावणारा स्पीकर जोडला, तर निरनिराळ्या स्वरांच्या पातळीत पावणेतीन डेसिबलपर्यंत तफावत पडते. ती काहींना गोड वाटते, पण तो गोडवा त्या विशिष्ट जोडीचा असतो. स्पीकर बदलला की तो टिकेलच असे नाही.

कोकणात खरी कसोटी लागते ती पावसाळ्यात. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळते, आणि किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे सूक्ष्म कण केबलच्या पिनेवर बसलेले असतात, त्यांचे खारे पाणी होते, आणि मुलामा जिथे खरवडला गेला असेल तिथे पितळ हिरवे कळकू लागते. अशा पिनेमुळे स्पीकरमधून येणारी खरखर, पिन काढून पुन्हा खोचली की थांबते, कारण घासल्यामुळे वरचा थर तात्पुरता फुटतो. दोष ॲम्प्लिफायरचा आहे असे मानून तो दुरुस्तीला पाठवण्यापूर्वी सर्व पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहाव्यात.

इथे ॲम्प्लिफायरच्या प्रकाराला महत्त्व येते. ट्रान्झिस्टर कसे चालवले जातात त्यावरून ॲम्प्लिफायरचे ए, एबी, डी असे वर्ग पडतात. क्लास डी प्रकारचे, म्हणजे ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करणारे, यंत्र ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असते आणि जवळजवळ गार राहते. क्लास एबी प्रकारचे यंत्र नुसते चालू ठेवले तरी कोमट होते. २८ अंश तापमानाची आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा पेटीच्या आत केवळ पाच अंशांनी तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६८ टक्क्यांवर येते, म्हणजे मिठाच्या मर्यादेखाली. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते याहून पुष्कळ कमी आर्द्रतेत पाणी ओढते, त्यामुळे धोका पूर्ण टळत नाही, पण बराच कमी होतो. किनाऱ्यावरच्या घरासाठी मी म्हणूनच पंखा नसलेला क्लास एबी ॲम्प्लिफायर सुचवेन, कारण पंखा खारी हवा थेट सर्किटवर ओढून आणतो. सतत मोठा प्रवाह घेऊन खूप तापणारा क्लास ए मात्र वैशाखातल्या बंद खोलीत नकोसा होतो.

विजेचे गणित त्या मानाने सोपे आहे. साधा ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्राला २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले, तर त्याची कमाल शक्ती १०० वरून ६८ वॅटवर येते, पण आवाजात ही घट पावणेदोन डेसिबलहून कमीच भरते. चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर वापरू नये, त्यावर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. आणि वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग तसेच डिशची केबल काढून ठेवावी. स्पीकरमधून ५० हर्ट्झची घरघर येत असेल, तर बहुधा टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दोन वाटांनी जमिनीला जोडले जाऊन तयार झालेले चक्र तिच्या मुळाशी असते. अर्थिंगची पिन कधीही तोडू नये. दोन यंत्रांमध्ये ऑप्टिकल केबल घातली की विजेचा दुवाच उरत नाही.

डिजिटल स्रोताबद्दल थोडक्यातच लिहितो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट हे प्रमाण २० किलोहर्ट्झपर्यंतची मानवी श्रवणमर्यादा आणि सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला सामावून घेते, आणि आजचा मध्यम किमतीचा चांगला डॅकही (डिजिटल आकड्यांचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारे यंत्र) ते काम चोख करतो. जुळवायची असते ती पातळी. डॅक साधारण २ व्होल्ट देतो, संतुलित, म्हणजे दोन संकेततारांच्या, जोडणीत ४; ॲम्प्लिफायर १ व्होल्टलाच पूर्ण शक्ती गाठत असेल, तर आवाजाचे बटण सुरुवातीच्या थोड्याशा फेऱ्यातच अडकून राहते आणि शांत जागी सळसळ ऐकू येते. अशा वेळी कमी प्रवर्धनाचा ॲम्प्लिफायर किंवा आउटपुट घटवता येणारा डॅक घ्यावा.

दुकानात दोन यंत्रांची तुलना करताना एक साधा मल्टिमीटर सोबत न्यावा. ५० किंवा ६० हर्ट्झचा एकसारखा स्वर लावून स्पीकरच्या टोकांवरचे एसी व्होल्टेज मोजावे आणि दोन्ही यंत्रांवर ते एका टक्क्याच्या आत जुळवून घ्यावे. किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो, त्यामुळे ही जुळवाजुळव केल्याशिवाय काढलेला कोणताही निष्कर्ष, मग तो विक्रेत्याचा असो की आपला, पैसे मोजण्याइतका विश्वासार्ह नसतो.