पूरसंरक्षक बांधकामातील साहित्याचा पुनर्वापर (खानदेश)

पूरसंरक्षक भिंत, मातीचा तटबंध किंवा काठाचे पिचिंग (उतारावरचे दगडी अस्तर) उभारताना खोदाईत निघालेली माती व दगड, जुन्या बांधकामाचा मलबा आणि औष्णिक वीजकेंद्राची राख पुन्हा कामी लावण्याची पद्धत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठावरील गावांना पुराचा धोका असतोच. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी या लहान नद्यांचे पाणीही चाळीसगावात शिरले होते.

खरी बचत मातीत असते, आणि ती खोदाईच्या पहिल्याच दिवशी साधते किंवा हातची जाते. काळी माती, मुरूम आणि दगड एकाच ढिगात पडले की तो ढीग भरावाच्या कामाचा राहत नाही. तो टाकायला डंपर लागतात आणि नवा मुरूम आणायलाही. वेगवेगळे ढीग लावले तर प्रत्येकाला जागा आहे. काळी माती पाणी अडवते, पण खानदेशी उन्हात भेगाळते. म्हणून ती बांधाच्या पोटात, म्हणजे हार्टिंगला घालतात आणि वरून मुरमाचे केसिंग, म्हणजे बाहेरचे कवच देतात. फोडलेला काळा पाषाण पिचिंगला किंवा गॅबियनच्या (दगड भरायच्या तारेच्या पेटीच्या) जाळीत जातो. मुळ्या-गवताचा वरचा थर भरावात चालत नाही, कारण मुळ्या कुजून पोकळ्या पडतात. तो बाजूला राखून शेवटी बाहेरच्या उतारावर पसरला, की त्यावर हराळी धरते.

जुन्या भिंतीचा दगड वाचेल की नाही, हे सांध्यावर ठरते. चुन्यातला दगड हातोडीच्या दोन ठोक्यांत मोकळा होतो. सिमेंटचा सांधा फोडताना दगडाचाच टवका उडतो. असा माल भरावाला किंवा गिट्टीला जातो. काँक्रीटच्या मलब्याची गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ या ताकदीच्या दर्जापर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरण्यास आयएस ३८३ हे मानक (२०१६) परवानगी देते. सळया डोकावणारे तुकडे मात्र गॅबियनमध्ये घालू नयेत, जाळी कापली जाते.

भुसावळजवळच्या दीपनगर केंद्राची राख सिमेंटची काही जागा घेते. अशा काँक्रीटला बळ सावकाश येते, म्हणून कोरड्या-उष्ण हवेत किमान १४ दिवस पाणी मारावे लागते. पावसाळ्याआधीची घाई आणि मे महिन्यातली पाणीटंचाई यांत नेमके हेच दिवस कापले जातात.

रिकाम्या सिमेंटच्या गोण्या वाळू-मातीने भरून वनराई बंधारे घालण्याची रीत सर्वपरिचित आहे. पुरात तटबंधाला पडलेली खांडे बुजवायलाही त्याच गोण्या उपयोगी पडतात. उन्हाने त्यांची वीण सुटते, त्यामुळे हा उपाय एखाद्या हंगामापुरताच.

धरणाचा गाळ तटबंधाला घालणे हा चुकीचा पुनर्वापर. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत (२०१७) तो शेतात जातो, तेच योग्य. मलबा नदीपात्रात लोटून काठ ‘भक्कम’ करणे त्याहून वाईट, कारण पात्र अरुंद झाले की पुराची पातळी चढते.

अडचण बहुधा अंदाजपत्रकात असते. जुना दगड सुटा करून, साफ करून, चट्टे लावण्याची वेगळी बाब नसेल, तर ठेकेदाराला नवा दगड आणणेच परवडते.