दोनशे आकड्यांची तार

कॉम्प्युटरवर संगीत तयार करतात म्हटलं की नागपुरात एक प्रश्न हमखास येतो. "म्हणजे आधी कोणीतरी वाजवून रेकॉर्ड केलेलं असते ना भाऊ?" लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड येऊन जमाना झाला, मोबाईलमध्ये तंबोरा आला, तरी हा समज जागचा हलत नाही. त्यात आता 'एआयने गाणं केलं'च्या बातम्यांची भर. त्यामुळे कॉम्प्युटर एक तर चोर ठरतो, नाही तर जादूगार. तो साधा कारागिराचा माल असू शकतो, ही शक्यता कोणी विचारातच घेत नाही.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार, इतपत शाळेत झालेलं आहे. हा चढउतार ठरावीक वेळाने मोजून लिहून काढला की आकड्यांची यादी होते. सीडीवर एका सेकंदाला असे ४४,१०० आकडे असतात. यादी स्पीकरकडे गेली की त्याचा पडदा त्याबरहुकूम पुढे-मागे हलतो. यादी माइकमधून आली की कोणी गणिताने रचली, याच्याशी पडद्याला काही देणंघेणं नाही. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांच्या प्रोग्रॅमने आयबीएम ७०४ या यंत्रावर १७ सेकंदांचं संगीत असंच रचलं गेलं. वाद्य नाही, माइक नाही.

पण सेकंदाला ४४,१०० आकडे लिहायचे कसे? याची उत्तरं पुष्कळ आहेत. माझं मन मात्र एकाच उत्तरावर जडलं आहे, तेव्हा बाकीची सोडून देतो. केविन कारप्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग या दोघांनी १९८३ मध्ये ते प्रसिद्ध केलं.

दोनशे आकड्यांची एक रांग घ्या. प्रत्येक जागी उणे एक ते अधिक एक यांच्यामधला कुठलाही आकडा टाका, अगदी वाट्टेल तो. म्हणजे सुरुवातीला हातात आहे निव्वळ खरखर. आता रांगेतला पहिला आकडा उचला आणि स्पीकरकडे पाठवा. त्याची आणि त्याच्या आधी पाठवलेल्या आकड्याची सरासरी काढा, ती रांगेच्या शेवटी उभी करा. मग पुढचा आकडा. बस, इतकंच करत राहायचं. प्रोग्रॅम चार-पाच ओळींच्या वर जात नाही. आणि ऐकू येते छेडलेली तार! 'टंग' असा स्वच्छ आघात, मग हळूहळू मऊ होत विरणारा स्वर. त्या प्रोग्रॅममध्ये 'तार' हा शब्दसुद्धा नाही.

असं का होतं? रांग दोनशे आकड्यांनी पुन्हा फिरून येते, म्हणजे तोच आकार हवेत पुन्हा पुन्हा उमटतो, आणि ठरावीक वेळाने परतणाऱ्या आकारालाच कान स्वर म्हणतो. दोन शेजाऱ्यांच्या सरासरीमुळे अर्ध्या आकड्याचा उशीर वाढतो, म्हणून भागायचं २००.५ ने. ४४,१०० भागिले २००.५ म्हणजे २१९.९५ हर्ट्झ, सेकंदाला तितकी कंपनं. हार्मोनियमवरच्या पांढरी सहाच्या अगदी जवळ.

खरी गंमत सरासरीत आहे. झपाट्याने वर-खाली होणारे आकडे शेजारी-शेजारी उलट चिन्हांचे असतात, त्यामुळे सरासरीत एकमेकांना मारतात. संथ चढउतारात शेजारी जवळपास सारखेच असतात, ते तगतात. मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक स्वरही वाजत असतात, ते उपस्वर. प्रत्येक फेरीत एखादा उपस्वर किती उरतो, हे त्याची वारंवारता (सेकंदातली कंपनं) भागिले ४४,१०० गुणिले पाय (π), याच्या कोसाइनवरून निघतं. सेकंदात २२० फेऱ्या होतात, म्हणून त्या कोसाइनचा २२० वा घात घ्यायचा. मूळ स्वर एका सेकंदानंतर ९७ टक्के शिल्लक असतो. दहावा उपस्वर ७ टक्क्यांच्याही खाली येतो. विसावा ऐकूच येत नाही, तो लाखात दोन भागांच्या आत गेलेला असतो. कोसाइन नको असेल त्यांनी एवढंच धरावं, की बारीक आवाज आधी मरतात आणि जाड मागे राहतात. खऱ्या तारेतही हवेचा अडथळा आणि धातूच्या आतलं घर्षण साधारण हेच करतात.

आता याच सरासरीपुढे नाणेफेक घाला. छापा आला तर आकडा तसाच, काटा आला तर चिन्ह उलटं. स्वर नाहीसा होतो आणि ताशासारखा कडकडाट येतो! रांग वीस आकड्यांची केली तर तो आखूड, थोपटल्यासारखा. कोडला कलेचा माल म्हणायचं ते यासाठी. एक चिन्ह बदललं की तारेचं चामडं होतं, आणि तसं होईल हे करून पाहिल्याशिवाय सुचतही नाही.

या मालाला खोडीही आहेत. रांगेची लांबी पूर्ण आकड्यातच घेता येते, साडेत्रेचाळीस नाही. खालच्या स्वरांना ते चालून जातं. वर हजार हर्ट्झच्या आसपास मात्र ४४ ची रांग ९९१ देते आणि ४३ ची १,०१४. मधलं काही नाही, आणि हे अंतर आपल्या सर्वांत लहान श्रुतीच्या जवळपास दुप्पट आहे. इंजिनिअर त्यावर वेगळं गाळणीचं गणित लावतात. कलाकार कधीकधी ती खोडच वापरतो. २०० आणि १९९ च्या दोन रांगा एकत्र सोडल्या तर सेकंदाला जेमतेम एक हेलकावा येतो, जोडाच्या तारा किंचित न जुळल्यासारखा.

हर्ट्झवरून आठवलं. '४३२ हर्ट्झ ही विश्वाची वारंवारता, ४४० ने मन बिघडतं' हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. दिवसाचे ८६,४०० ऐवजी एक लाख भाग केले असते तर तोच ४३२ चा स्वर ३७३ च्या आसपास आला असता. मग विश्वाने काय करायचं? शिवाय जिथे प्रत्येक गवई आपला षड्ज गळ्याप्रमाणे लावतो, त्या मुलखात एका आकड्यासाठी हा आटापिटा कशाला, तेच कळत नाही.

पण या दोनशे आकड्यांकडून तंबोरा काही होत नाही. नागपूरकरांना रमण म्हटलं की गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्र आठवतं. स्वतः सी. व्ही. रमण १९१० च्या सुमारास सरकारी लेखा खात्याच्या नोकरीत काही काळ याच गावी होते, हे कमी जणांना ठाऊक असतं. त्यांनी पुढे १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर एक निबंध लिहिला. तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद (तारेवरची न हलणारी जागा) असेल तो उपस्वर उमटू नये, असा जुना नियम. तंबोरा तो सरळ धुडकावतो, असं रमणना दिसलं. कारण घोडी, म्हणजे तार जिच्यावरून जाते ती पट्टी. ती सपाट-गोलसर असते आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवलेला असतो. वाद्य दुरुस्त करणारा तो दोरा नखाने केसभर पुढे-मागे करतो, आणि एका जागी तार एकदम बोलायला लागते. हीच जवारी. कंप पावताना तार घोडीला टेकते-सुटते, आणि जाड स्वरातली शक्ती बारीक उपस्वरांकडे जात राहते. सरासरी तर बारकांना फक्त मारते. कोडमध्ये जवारी आणायची तर एक वाट अशी, की आवाज जितका मोठा त्या मानाने रांगेची लांबी क्षणोक्षणी बदलती ठेवायची. ती किती बदलायची, हे शेवटी कानानेच ठरवावं लागतं.

करून पाहायचं असेल तर सॅम एरन यांचं सोनिक पाय हे कोड लिहून संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात 'प्लक' नावाचा आवाज याच युक्तीवर चालतो. प्लक निवडून ५७ क्रमांकाचा स्वर वाजवायला सांगा, आपली २२० हर्ट्झची तार ऐकू येईल. काही मंडळी मंचावर बसून असं कोड लिहितात, मागच्या पडद्यावर श्रोत्यांना ते दिसत असतं, आणि ओळ बदलली की संगीत बदलतं. आपल्या गावात इंजिनिअरिंग कॉलेजं उदंड आणि गाण्याचे क्लासही उदंड, पण दोघांची गाठ कुठे पडताना दिसत नाही.

ऐकताना मोबाईलचा स्पीकर टाळा, हेडफोन लावा. खर्जासाठी ६३८ ची रांग घेतली तर ६९ हर्ट्झ येतात, आणि फोनचा एवढासा पडदा ते हलवू शकत नाही. तरीही खर्ज ऐकू आल्यासारखा वाटेल, कारण वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो.