ऑयलरनं वाचवलेले भागाकार

२,१४,७४,८३,६४७. दोनाच्या ३१व्या घातातून एक वजा केला की ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानंही तिला भाग जात नाही, हे गणिती लेओनार्ड ऑयलरनं सिद्ध केलं आणि बर्नूली या गणितीला लिहिलेल्या पत्रातून ते १७७२मध्ये छापून आलं. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

शाळेतली रीत साधी: संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. इथे वर्गमूळ ४६,३४०च्या जरा पुढे जातं आणि तिथवर मूळ संख्या आहेत जवळपास ४,८००. दहा अंकी संख्येचे इतके भागाकार, तेही हातानं! ऑयलरनं आधी वेगळाच प्रश्न घेतला: भाग गेलाच, तर तो कोणत्या मूळ संख्येनं जाऊ शकेल? ३१ हा घात स्वतः मूळ असल्यामुळे, फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार, तशा संख्येला ३१नं भागून १च उरायला हवा. ती विषम असणार, म्हणून ६२नं भागूनही १च. शिवाय ८नं भागल्यावर बाकी १ किंवा ७च येऊ शकते. या अटी जुळवल्या की २४८नं भागून १ किंवा ६३ उरणाऱ्या संख्याच हाती राहतात.

करून बघा. ६३ आणि २४९ या दोन्हींना ३नं भाग जातो, त्या बाद. पुढची ३११ मूळ आहे. तिनं आपल्या संख्येला भागलं तर बाकी ३५. त्यानंतर यादीतली मूळ संख्या थेट १३०३, तिथे बाकी २२६. ४६,३४०पर्यंत अख्ख्या यादीत चारशेही संख्या नाहीत आणि त्यातल्या बऱ्याच मूळ नसल्यानं आपोआप गळतात. मला या सिद्धतेत हा कंजूषपणाच सगळ्यात आवडतो.

या मूळ संख्येपासून १९ अंकी परिपूर्ण संख्या तयार होते, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असणारी संख्या. ‘याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही, कारण असल्या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग शून्य, कोण खटपट करणार?’ अशा अर्थाचं इंग्रज गणिती पीटर बार्लोनं १८११मध्ये लिहिलं. १८७६मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युकानं दोनाच्या १२७व्या घातातून एक वजा करून मिळणारी ३९ अंकी संख्या मूळ ठरवली, तेव्हा त्याहून मोठी परिपूर्ण संख्याही आपसूक मिळाली.

आणि उपयोग? संगणकात ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ३२ जागांत, धन-ऋण पूर्णांक साठवले, तर सर्वांत मोठा पूर्णांक म्हणजे ऑयलरची २,१४,७४,८३,६४७च. १ जानेवारी १९७०पासून सेकंद मोजणारी जुन्या संगणकांमधली घड्याळं १९ जानेवारी २०३८ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, याच आकड्यावर अडतील. पण तिथे ती मूळ आहे हा निव्वळ योगायोग.

मूळपणा खरा कामी येतो तो यादृच्छिक, म्हणजे फासे टाकून आल्यासारख्या, भासणाऱ्या संख्या तयार करताना. १ला १६,८०७नं गुणा, गुणाकाराला आपल्या संख्येनं भागा, बाकी ठेवा, आणि पुन्हा तेच: १, १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३… १ परत येण्याआधी २,१४,७४,८३,६४६पर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदा हजेरी लावते. पासवर्डसाठी मात्र ही रीत वापरू नये. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.