संग्रहालय-युद्धनौका

नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली, पण भंगारात न काढता लोकांना पाहण्यासाठी राखून ठेवलेली लढाऊ नौका. ती मिळवणे तुलनेने सोपे असते, कठीण असतो तो पुढच्या पन्नास-शंभर वर्षांचा देखभालीचा खर्च.

पोलादी नौका तरंगती ठेवली तर सर्वाधिक झीज जलरेषेच्या पट्ट्यात होते. तेथे पत्रा सतत ओला-सुका होतो, खारे पाणी आणि हवा दोन्ही मिळतात आणि गंज खोलवर शिरतो. वरचा रंग जागेवर देता येतो, पण तळ तपासायचा तर काही वर्षांनी नौका सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून कोरड्या करता येणाऱ्या गोदीत, घ्यावीच लागते. लाकडी नौकेला धोका पावसाच्या गोड्या पाण्याचा. ते फटींतून झिरपून साचले की लाकडाला बुरशी लागते. म्हणून काही देशांनी नौका पाण्यातून कायमची बाहेर काढली. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची ‘व्हिक्टरी’ 1922 पासून पोर्टस्मथच्या सुक्या गोदीत आहे. जपानची ‘मिकासा’ 1926 पासून योकोसुका येथे काँक्रीटमध्ये बसवलेली आहे. यातही सुटका नाही: पाण्याचा आधार गेल्याने ‘व्हिक्टरी’चा सांगाडा स्वतःच्याच वजनाने वाकू लागला आणि अलीकडे तिला 134 नवे पोलादी टेकू द्यावे लागले.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली 1817 मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकचा तुटवडा होता, म्हणून ती मलबारी सागवानात बांधली गेली. सागवान ओकपेक्षा अधिक टिकाऊ असल्यानेच दोनशे वर्षांनंतरही तिचे मूळ लाकूड मोठ्या प्रमाणात शिल्लक आहे. तिचे आराखडे मुंबईला आणणारी ‘जावा’ ही ब्रिटिश नौका 1812 मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने जिंकून जाळली, त्यामुळे ते पुन्हा मागवावे लागले. ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ही बोस्टनमध्ये जतन केलेली आहे.

मुंबईतच घडलेली उलटी गोष्ट ‘विक्रांत’ची. भारताची ही पहिली विमानवाहू नौका 1961 मध्ये नौदलात आली. 1971 च्या युद्धात तिच्यावरील सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले चढवले. 1997 मध्ये ती निवृत्त झाली आणि 2001 पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. पण सुमारे 213 मीटर लांबीच्या या नौकेसाठी ना कायमची जागा ठरली, ना खर्च उचलणारा भागीदार मिळाला. तळ कमकुवत झाल्याने 2012 मध्ये प्रवेश बंद झाला. 2014 मध्ये सुमारे 60 कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला, तिला वाचवण्यासाठीची सर्वोच्च न्यायालयातील याचिकाही फेटाळली गेली आणि मुंबईतील दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तिची तोडणी सुरू झाली. लोकभावना कमी पडली असे म्हणता येणार नाही. कमी पडली ती पहिल्याच वर्षी व्हायला हवी असलेली गोदीची आणि निधीची तरतूद.

विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी वाचली, कारण तिला किनाऱ्यावर ओढून पक्क्या पायावर बसवले गेले. 2002 पासून ती रामकृष्ण बीचवर पाहता येते. ‘विराट’ या निवृत्त विमानवाहू नौकेसाठी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने 2018 मध्ये सिंधुदुर्गातील निवतीजवळच्या 852 कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली होती, तरी अखेर ती गुजरातमधील अलंगच्या तोडणी-किनाऱ्यावरच गेली. त्याच निवतीजवळ आता ‘गुलदार’ ही निवृत्त नौका समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आहे. तेथे माशांना आसरा आणि पर्यटकांना नवे ठिकाण मिळेल. नौका मात्र खाऱ्या पाण्यात हळूहळू झिजत राहील.