उत्प्रेरकी भंजन एकके : तौलनिक विचार

खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनानंतर उरणाऱ्या जड भागाचे, मुख्यतः निर्वात गॅस तेलाचे (कमी दाबाखालील ऊर्ध्वपातनात मिळणाऱ्या जड तेलाचे), मोठे रेणू उत्प्रेरकाच्या साहाय्याने तोडून पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस इ. हलकी उत्पादने मिळविणारे संयंत्र. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांत त्याला ‘कॅट क्रॅकर’ किंवा नुसते ‘एफसीसी’ (फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकिंग, म्हणजे प्रवाही उत्प्रेरकी भंजन) म्हणतात. ‘भंजन’ हा शब्द पाठ्यपुस्तकांपुरताच उरला आहे.

उगमाविषयी एकमत नाही. गल्फ या अमेरिकन तेल कंपनीतील आल्मर मॅकॅफी यांनी १९१५ च्या सुमारास ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून भंजन केले, म्हणून काही लेखक मान त्यांना देतात. परंतु तो उत्प्रेरक डांबरी गाळात अडकून राही व परत मिळविणे महाग पडे. फ्रेंच अभियंता यूजीन हूड्री यांच्या स्थिर थराच्या (उत्प्रेरक एका जागी ठेवण्याच्या) पद्धतीत उत्प्रेरकावर साचलेला कोक (कार्बनी थर) जाळून तोच पुन्हा वापरता येई. पुढील सर्व एककांचा पाया हाच असल्याने हूड्रींकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते. हूड्री पद्धतीच्या आरंभाचे सालही १९३६ वा १९३७ असे दिले जाते: पहिले अमेरिकेतील पॉल्झबरो येथील लहान एककाचे, दुसरे तेथीलच मार्कस हुक येथील मोठ्या एककाचे. या पद्धतीत भट्ट्या आळीपाळीने बंद करून कोक जाळावा लागे. हा खोळंबा उत्प्रेरक सतत वाहता ठेवणाऱ्या प्रवाही थराने टळला. त्याचे पहिले व्यापारी एकक मे १९४२ मध्ये अमेरिकेतील बॅटन रूज येथे सुरू झाले. मधल्या काळातील सरकत्या थराची एकके आता मागे पडली आहेत.

प्रवाही एककातील उत्प्रेरक म्हणजे सरासरी ६०–८० मायक्रॉन कणांची भुकटी. हातात घेतली तर टाल्कम पावडरीसारखी लागते. खालून वायू सोडला की पाण्यासारखी वाहते, वायू थांबला की बसते. वापरलेली काळपट, कोक जाळून आलेली फिकट. मुरलेला ऑपरेटर नमुन्याच्या रंगावरूनच उरलेल्या कोकचा अंदाज बांधतो. तेल व भुकटी एकत्र वर चढतात त्या रायझर नळीत सु. ५००–५४० °से. ला काही सेकंदांत भंजन उरकते. पुनर्जनकात सु. ७०० °से. ला कोक जळतो आणि त्याचीच उष्णता भुकटीबरोबर रायझरमध्ये येते. कोक कमी पडला तर एकक गारठते, जास्त झाला तर पुनर्जनक तापतो. त्यामुळे दोन एककांची तुलना उष्णतेच्या ताळेबंदापासून सुरू करणे बरे.

प्रत्यक्षात ती बहुधा ‘रूपांतर टक्केवारी’वर होते, आणि तेथेच फसगत होते. १०० मधून हलके आवर्तन तेल (पेट्रोलहून जड, डिझेलच्या पल्ल्यातील भाग) व तळाचे स्लरी तेल (सर्वांत जड उरलेला भाग) यांची टक्केवारी वजा केली की रूपांतर मिळते. समजा, आवर्तन तेल २० व स्लरी ८ टक्के, तर रूपांतर ७२. तेच एकक पेट्रोलचा वरचा उत्कलनबिंदू खाली आणून चालविले व ६ टक्के भाग आवर्तन तेलात गेला, तर आकडा ६६ होतो; रायझरमध्ये मात्र काहीच बदललेले नसते. उत्कलनबिंदू समान धरल्यावाचून आकडे शेजारी मांडू नयेत.

दुसरा अडसर कच्च्या मालाचा. १९७६ पासून बॉम्बे हायचे तेल निघू लागले. हे मेणयुक्त, कमी गंधकाचे तेल सहज भंजते. आखाती जड तेलांतील निकेलमुळे कोक व हायड्रोजन वाढतो, व्हॅनेडियममुळे उत्प्रेरकातील झिओलाइट (भंजन घडविणारा सच्छिद्र स्फटिकी घटक) खचते. अशा दोन मालांवरील आकड्यांतून एककाचा दर्जा ठरत नाही.

तुलनेतील तिसरा अडसर गंधकाचा. एप्रिल २०२० पासून भारतात पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भाग आहे. पेट्रोलमधील बहुतेक गंधक भंजित भागातून येते. ते काढताना ऑलिफिने (दुहेरी बंध असलेली हायड्रोकार्बने) संपृक्त होऊन ऑक्टेनही थोडे उतरते. हा खर्च गंधक काढणाऱ्या पुढच्या संयंत्राच्या खाती पडतो, कॅट क्रॅकरच्या नव्हे.