कॅटरिना : बातम्यांतून निसटलेले, माहितीपटांनी धरलेले

कॅटरिना चक्रीवादळाला २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षे झाली. त्या निमित्ताने महिनाभराच्या अंतराने दोन मोठ्या माहितीपट-मालिका आल्या. नॅशनल जिओग्राफिकची पाच भागांची मालिका जुलैअखेरीस आली, तर नेटफ्लिक्सची तीन भागांची २७ ऑगस्टला. वीस वर्षांपूर्वीच्या वादळावर अजून इतके तास खर्च करण्यासारखे काय उरले आहे, असे कुणालाही वाटेल. त्याचे उत्तर टीव्हीच्याच इतिहासात आहे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातले न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले त्या आठवड्यात कॅमेऱ्यांनी बरेच काही टिपले, पण त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी चुकीचा लावला. पुढच्या माहितीपटांनी जवळजवळ तेच चित्रीकरण पुन्हा पुन्हा लावून आरोपी बदलत नेला. आधी वारा, मग लुटारू, मग केंद्र सरकार आणि सगळ्यात शेवटी काँक्रीटची एक भिंत.

आधी थोडे मागे जायला हवे. न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली, वाटीसारखा. दक्षिणेला मिसिसिपी नदी, उत्तरेला पाँचरट्रेन सरोवर. पावसाचे पाणीसुद्धा पंपाने उपसून कालव्यांतून सरोवरात सोडावे लागते. त्यामुळे शहराचा जीव बांधांवर, आणि बांधांबद्दलचा अविश्वासही तितकाच जुना. १९२७च्या महापुरात शहर वाचवण्यासाठी खालच्या अंगाला कार्नार्व्हन येथे बांध डायनामाइटने उडवला गेला आणि सेंट बर्नार्ड व प्लॅकमिन्स परगण्यांतली गरीब वस्ती पाण्याखाली गेली. हे दडवून ठेवलेले नव्हते, सरकारी परवानगीने झाले होते. १९६५मध्ये बेट्सी वादळात शहरातला लोअर नाइन्थ वॉर्ड हा भाग बुडाला, तेव्हा 'या वेळीही उडवलाच' अशी कुजबुज सुरू झाली. पुरावा नव्हता, पण चाळीस वर्षे ती कुजबुज थांबली नाही.

बेट्सीनंतरच अमेरिकी संसदेने मोठी पूरसंरक्षण योजना मंजूर केली आणि ती बांधायचे काम लष्कराच्या इंजिनिअर दलाकडे दिले. काम रखडत रखडत २००५पर्यंत चालूच होते. मधल्या काळात इशारे भरपूर मिळाले. 'टाइम्स-पिकायून' या स्थानिक दैनिकाने २००२मध्ये लेखमाला छापून शहर कसे बुडेल हे सांगितले. २००४च्या जुलैमध्ये 'पॅम' नावाच्या काल्पनिक वादळाची रंगीत तालीमही झाली. तरीही १ सप्टेंबर २००५ रोजी अध्यक्ष बुश टीव्हीवर म्हणाले की, बांध फुटतील याचा अंदाज कुणालाच आला असेल असे वाटत नाही. हे एक वाक्य पुढच्या जवळजवळ प्रत्येक माहितीपटकाराच्या कामी आले.

आता ते पाच दिवस. २८ ऑगस्टला मेक्सिकोच्या आखातात कॅटरिना पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीत होते, वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटर. त्याच सकाळी महापौर रे नेगिन यांनी शहर सोडण्याची सक्ती केली. ज्यांच्याकडे गाडी होती ते गेले. ज्यांच्याकडे नव्हती ते राहिले, आणि अशी माणसे हजारोंनी होती. २९ तारखेला सकाळी सहाच्या सुमारास वादळ लुइझियानातल्या ब्युरास गावाजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीवर उतरले होते. बातमीदार होते फ्रेंच क्वार्टर भागात. तो शहराचा जुना, उंचावरचा भाग. तिथे पत्रे उडाले, झाडे पडली, पण पाणी नव्हते. त्यामुळे 'शहर थोडक्यात बचावले' असा सूर दिवसभर ऐकू येत राहिला. त्याच वेळी काही मैलांवर इंडस्ट्रियल कालव्याची भिंत कोसळून लोअर नाइन्थ वॉर्डमधली घरे पायापासून उखडली गेली होती, आणि सतराव्या रस्त्याच्या कालव्यातून सरोवर शहरात शिरत होते. कॅमेरा कोरड्या जागी उभा होता, एवढेच.

दुसऱ्या दिवसापासून चित्र पालटले. शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली होता आणि माणसे छपरांवर. सुपरडोम स्टेडियममध्ये आणि कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हजारो लोक अन्नपाण्याविना अडकले. इथे बातमीदारांना श्रेय द्यायलाच हवे. कन्व्हेन्शन सेंटरवर माणसे मरत आहेत हे लोक घराघरांत बघत होते आणि आपत्ती निवारणाची केंद्रीय संस्था 'फेमा'चे प्रमुख मायकल ब्राउन म्हणत होते की आम्हाला आजच कळले. एबीसी वाहिनीवर टेड कॉपेल यांनी त्यांना सरळ विचारले : तुम्ही लोक टीव्ही बघत नाही का, रेडिओ ऐकत नाही का? 'न्यूजवीक'ने नंतर छापले की, परिस्थितीचे गांभीर्य पटावे म्हणून अध्यक्षांच्या सहकाऱ्याने बातम्यांची एक डीव्हीडी तयार केली आणि विमानात त्यांना दाखवली. जगातल्या सर्वांत ताकदवान कार्यालयाला आपल्याच देशातले शहर बातम्यांच्या डीव्हीडीवर बघावे लागावे, यापुढे वेगळी टीका करायची गरज नाही.

पण त्याच आठवड्यात टीव्हीने दुसरेही काम केले. सुपरडोममध्ये शेकडो प्रेते पडली आहेत, लहान मुलांवर अत्याचार होत आहेत, बचावाच्या हेलिकॉप्टरांवर गोळीबार होतो आहे. या अफवा पोलीसप्रमुखांच्या आणि महापौरांच्या तोंडून पडद्यावर आल्या आणि कुणी पडताळल्या नाहीत. महिना संपायच्या आत 'टाइम्स-पिकायून'नेच छडा लावला : सुपरडोममध्ये सहा मृतदेह मिळाले, त्यांतले चार नैसर्गिक मृत्यूंचे. पण नुकसान होऊन गेले होते. मदत पोहोचवायला निघालेल्यांना दंगलग्रस्त भागात जात असल्यासारखे वाटू लागले, राज्यपालांनी सैनिकांच्या बंदुका भरलेल्या असल्याची जाहीर ग्वाही दिली. वृत्तसंस्थांच्या दोन छायाचित्रांची गोष्टही तेव्हाचीच. दोन्हींत माणसे छातीभर पाण्यातून दुकानातले खाणे घेऊन चालली आहेत. काळ्या मुलाखाली ओळ होती 'लूट करून', गोऱ्या जोडप्याखाली 'सापडल्यावर'.

या गदारोळात डब्ल्यूडब्ल्यूएल ही स्थानिक वाहिनी बॅटन रूज शहरात जाऊन अखंड प्रक्षेपण करत राहिली. कोणता रस्ता बुडाला, कुठे निवारा आहे, एवढेच ती सांगत होती. माहितीपटांत तिचे नाव फार येत नाही. यायला हवे होते.

आपल्याकडे हे सगळे केबलवर दिसत होते आणि मुंबईकर ते वेगळ्या नजरेने पाहत होते. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून गेल्याला जेमतेम महिना झाला होता. 'अमेरिकेतसुद्धा?' हा तेव्हाच्या गप्पांतला प्रश्न होता.

पहिले माहितीपट आले ते तीन महिन्यांत. पीबीएस या अमेरिकी सार्वजनिक वाहिनीच्या 'नोव्हा' कार्यक्रमाने विज्ञानाच्या अंगाने आणि 'फ्रंटलाइन'ने प्रशासनाच्या अंगाने नोव्हेंबर २००५मध्ये मांडणी केली. घाई दिसते, पण 'फेमा' कशी पोखरली गेली होती हे 'फ्रंटलाइन'ने नीट दाखवले. तोवर आरोपी ब्राउन होते आणि ते सोयीचेही होते. एक माणूस घरी गेला की प्रकरण मिटते.

भिंतींकडे लक्ष वळायला आणखी सहा महिने लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठातले रेमंड सीड व रॉबर्ट बी आणि लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे आयव्हर व्हॅन हीर्डन यांच्या पथकांनी चिखलात उतरून पाहणी केली. निघाले ते असे. सतराव्या रस्त्याच्या कालव्यावर मातीच्या बांधात पोलादी पत्रे ठोकून वर काँक्रीटची सरळ भिंत उभी केली होती. पत्रे पुरेसे खोल गेलेले नव्हते. खाली होती पीट, म्हणजे कुजक्या वनस्पतींची मऊ दलदलीची माती, आणि तिच्या ताकदीचा अंदाज चुकला होता. पाणी भिंतीच्या माथ्याला पोहोचलेही नव्हते तेव्हा भिंत कलली, तिच्या आणि मातीच्या मध्ये फट पडली, फटीत पाणी शिरले आणि भिंत बांधासकट मागे सरकली. पाणी भिंतीवरून ओसंडणे वेगळे आणि भिंतच सरकणे वेगळे. पहिल्याला निसर्ग म्हणता येते. दुसऱ्यावर कुणाची तरी सही असते. १ जून २००६ रोजी इंजिनिअर दलाने स्वतःच्या हजारो पानी अहवालात मान्य केले की ही पूरसंरक्षण 'व्यवस्था' केवळ नावाची होती.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत दिग्दर्शक स्पाइक ली यांचा माहितीपट 'व्हेन द लेव्हीज ब्रोक' आला. वादळ आले तेव्हा ली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात होते आणि हॉटेलातल्या टीव्हीवर हे पाहत होते. एचबीओने दोन तासांचे काम दिले, ते चार तासांचे झाले. १६ ऑगस्ट २००६ रोजी पहिला खेळ न्यू ऑर्लिन्समध्येच, हजारो पूरग्रस्तांसमोर झाला. या माहितीपटात निवेदक नाही, आणि मला ती त्याची मोठी ताकद वाटते. शंभरेक माणसे बोलतात, ली गप्प राहतात. संगीतकार टेरेन्स ब्लँचर्ड यांची आई पहिल्यांदा आपल्या घरात पाऊल टाकते तो प्रसंग घ्या. घर बाहेरून उभे आहे, आत फर्निचर फुगून उलटे-पालटे, आणि ती बाई काही क्षण उभ्या उभ्या रडते. बातमीदार असता तर त्याने 'कसे वाटते' विचारले असते. लींवर टीकाही झाली. 'बांध मुद्दाम उडवला' हे म्हणणारी माणसे त्यांनी तशीच ठेवली. मला ते पटते, कारण शेजारी १९२७ची हकीकतही ठेवली आहे. लोक असे का मानतात ते कळते, मग ते खरे आहे की नाही हे प्रेक्षक ठरवू शकतो. पीबॉडी आणि तीन एमी हे टीव्हीचे मानाचे पुरस्कार मिळाले. संकलनाच्या एमीत सॅम पोलार्ड आणि नॅन्सी नोव्हॅक यांच्याबरोबर गीता गंडभीर या भारतीय वंशाच्या संकलिकेचे नाव होते. तेच नाव पुढे पुन्हा येते.

२००८च्या 'ट्रबल द वॉटर' या माहितीपटाने कॅमेराच उलटा केला. लोअर नाइन्थ वॉर्डमधल्या किंबर्ली रॉबर्ट्स या रॅप गायिकेने वादळाच्या आठवडाभर आधी वीस डॉलरला हातातला कॅमेरा विकत घेतला होता. वाहिन्या जिथे नव्हत्या तिथे, माळ्यावर कोंडलेल्या माणसांत, ती होती. चित्र हलते, आवाज फाटतो. पण छपरापर्यंत पाणी चढताना रस्त्यावरच्या 'स्टॉप' पाटीचे काय होते ते त्याच चित्रीकरणात दिसते. दिग्दर्शक टिया लेसिन आणि कार्ल डील यांनी ते हाताळले. सनडान्स चित्रपट महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ऑस्करचे नामांकनही.

त्याच वर्षी न्यायालयात वेगळे घडत होते. कालवे फुटल्याबद्दल इंजिनिअर दलावर खटला भरलेल्यांची याचिका न्यायाधीश ड्युव्हल यांनी फेटाळली, तीही दलावर कडक ताशेरे ओढत. १९२८च्या पूरनियंत्रण कायद्याने सरकारला नुकसानभरपाईतून मोकळे ठेवले आहे. तो कायदा १९२७च्या पुराच्या पाठोपाठच आलेला. आरोपी सापडला, कबुली मिळाली, शिक्षा मात्र कायद्यात बसत नाही. माहितीपटांतला राग इतकी वर्षे का निवला नाही, याचे हे कारण मला सर्वांत मोठे वाटते.

२०१०मध्ये लींनी दुसरा चार तासांचा माहितीपट केला. तो विस्कळीत आहे, कारण मध्येच आखातात बीपी या तेलकंपनीची तेलगळती झाली आणि कथा तिकडे वळली. विनोदी अभिनेते हॅरी शीअरर यांचा 'द बिग अनईझी' तेव्हाचाच. त्यात व्हॅन हीर्डन आहेत, ज्यांचा करार विद्यापीठाने पुढे वाढवला नाही, आणि नव्या पंपांबद्दल तक्रार करणाऱ्या दलातल्याच अभियंता मारिया गार्झिनो आहेत. 'फ्रंटलाइन'ने त्याच ऑगस्टमध्ये पोलिसांच्या गोळीबारांचा मागोवा घेतला. अफवांच्या त्या आठवड्यात, ४ सप्टेंबरला, डँझिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या. दोघे मेले. दोषींनी शेवटी गुन्हा कबूल केला तो २०१६मध्ये.

२०२५च्या नॅशनल जिओग्राफिक मालिकेचे दिग्दर्शन ट्रेसी करी यांचे. नेटफ्लिक्सच्या तीन भागांपैकी एक गीता गंडभीर यांचा, एक समांथा नोल्स यांचा, शेवटचा लींचा. आता माणसे वीस वर्षांनी म्हातारी झाली आहेत आणि शहरही आकसले आहे. २०००च्या जनगणनेत ४ लाख ८४ हजार, २०२०मध्ये ३ लाख ८४ हजार. मृतांचा आकडाही बदलला. वर्षानुवर्षे १,८३३ सांगितला जायचा, राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३मध्ये तो १,३९२ केला. जुने माहितीपट अर्थातच जुना आकडा सांगत राहतील.

या सगळ्या तासांत एक मोठी रिकामी जागा आहे. वादळाचा खरा मुक्का बसला मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर. पास क्रिश्चन येथे लाटेने सुमारे २८ फुटांची उंची गाठली. वेव्हलँड, बे सेंट लुइस, बिलॉक्सी या गावांत किनाऱ्यालगतच्या घरांचे फक्त पाये उरले. राज्यात दोनशेहून अधिक माणसे गेली. तिथे फुटायला बांध नव्हता, रागवायला स्टेडियम नव्हते, कबुली द्यायला अभियंता नव्हता. नुसता समुद्र आत आला आणि परत गेला. न्यू ऑर्लिन्सला चार-चार तासांचे माहितीपट मिळाले, मिसिसिपीच्या वाट्याला त्यांतली काही मिनिटे आली.