क्रॉन चालला आणि बॅकअप झाला, यात फरक काय?

क्रॉन म्हणजे लिनक्स सर्व्हरवर ठरलेल्या वेळेला आपोआप कमांड चालवणारी सोय. "सर्व्हरवर रात्रीचा क्रॉन लावलाय, लॉगमध्ये रोज एंट्री पडतीय, म्हणजे बॅकअप आहे की" हे कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपपासून मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानापर्यंत सगळीकडं ऐकायला मिळतं, आणि बोलणाऱ्याचा त्यावर मनापासून विश्वास असतो. अडचण एवढीच की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे आहेत. दूध संस्थेत कॅन आला ही एक नोंद आणि फॅट किती लागली ही दुसरी, नुसत्या पहिल्या नोंदीवर कुणी बिल काढत नाही. क्रॉनचा लॉग म्हणजे ती पहिली नोंद. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या सिसलॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) क्रॉनची जी ओळ दिसते तिचा अर्थ फक्त "या वेळेला ही कमांड सुरू केली" एवढाच, पुढं ती कमांड यशस्वी झाली का मेली, याबद्दल ती ओळ काहीच सांगत नाही.

म्हणून काही बिघडलं की आधी हे ठरवा की जॉबच (क्रॉनमध्ये लावलेलं कामच) चालला नाही, का जॉब चालला पण बॅकअप झाला नाही.

पहिला प्रकार सोपा आहे. लॉगमध्ये ओळच नसेल तर क्रॉनची सर्व्हिस बंद आहे का बघा, क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलाय का बघा, आणि फाइल क्रॉन-डी फोल्डरमध्ये टाकली असेल तर तिच्या नावात टिंब आहे का बघा, कारण डेबियन-उबुंटूवर 'बॅकअप डॉट एसएच' असं टिंबवालं नाव असेल तर क्रॉन ती फाइल गुपचूप सोडून देतो. वेळेचा घोळही इथलाच. क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे "रात्री २" म्हणून लावलेला जॉब आपल्याकडं सकाळी साडेसातला सुटतो. दूध संस्थेचं सकाळचं कलेक्शन ऐन रंगात असतं आणि डेटाबेस का अडकतोय हे कुणालाच कळत नाही.

दुसरा प्रकार खरा घातक, कारण यात सगळं हिरवं दिसतं.

"हातानं चालवली की स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधून नाही" ही तक्रार तुम्ही ऐकली असेलच. आपण लॉगिन करतो तेव्हा आपल्या प्रोफाइलमधलं सगळं लोड होतं, पण क्रॉन ते वाचत नाही, त्याचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) अगदी तोकडा असतो आणि शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) बॅश नसून साधा एसएच असतो. त्यामुळं डम्पचं टूल (डेटाबेसमधला डेटा फाइलमध्ये काढणारं) वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल असेल तर क्रॉनला ते सापडतच नाही, टूलचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो. पासवर्डची फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये आणि जॉब रूटच्या (मुख्य ॲडमिनच्या) नावानं चालतोय, तरी तेच. पोस्टग्रेस डेटाबेसला तर पासवर्डच्या फाइलची परमिशन ०६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) लागते, नाहीतर तो ती वापरतच नाही. आणि टक्क्याचं चिन्ह! फाइलच्या नावात तारीख घालायला आपण डेट कमांडमध्ये % लिहितो, पण क्रॉनटॅबच्या ओळीत % म्हणजे नवीन ओळ, तिथंच कमांड तुटते. त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या, किंवा सरळ सगळं वेगळ्या स्क्रिप्टमध्ये टाका, मी तर नेहमी हेच सांगतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो पाइप, म्हणजे एका कमांडचा आउटपुट थेट दुसरीला देणं. मायएसक्यूएल डेटाबेसचा डम्प काढणाऱ्या मायएसक्यूएलडम्पचा आउटपुट पाइपमधून फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला दिला, डम्प पहिल्याच क्षणी ॲक्सेस डिनाइड म्हणून मेला, पण जीझिपनं रिकामा माल नीट पॅक केला आणि शेल शेवटच्या कमांडचाच निकाल धरतो, म्हणून निकाल शून्य, म्हणजे यशस्वी. रोज नवी फाइल, नाव बरोबर, तारीख बरोबर, साइज मात्र २० बाइट! मायएसक्यूएल ८.०.२१ पासून डम्प घेणाऱ्या युजरला प्रोसेस नावाचा अधिकार लागायला लागला (नाहीतर नो-टेबलस्पेसेस हा ऑप्शन द्यायचा), त्यामुळं अपग्रेडनंतर आधीची नीट चाललेली स्क्रिप्ट अचानक एरर द्यायला लागते, आणि ती एरर वाचायला कुणी नसतं. स्क्रिप्ट बॅशमध्ये लिहा, वर पाइपफेल चालू करा (मग पाइपमधली कुठलीही कमांड मेली तरी निकाल फेल येतो), आणि फाइलच्या शेवटच्या काही ओळी तपासा. मायएसक्यूएलच्या डम्पमध्ये शेवटी 'डम्प कम्प्लीटेड', पोस्टग्रेसच्या साध्या डम्पमध्ये 'डेटाबेस डम्प कम्प्लीट' अशी ओळ येते, ती नसेल तर फाइल अर्धी आहे.

विंडोजवाल्यांचं दुखणं हेच. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेसमध्ये एजंट (ठरलेल्या वेळी काम चालवणारी सोय) नसतो, म्हणून टास्क शेड्युलर लावतात, पण बॅकअपची कमांड चालवणाऱ्या एसक्यूएलसीएमडीला मायनस बी (एरर आली तर फेल कळव) दिलं नाही तर बॅकअप फेल होऊनही टास्क 'सक्सेसफुल' दाखवतो.

हे फक्त छोट्या ऑफिसात होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेस उडाला, बॅकअप बघायला गेले तर ती जागा रिकामी. पोस्टग्रेस ९.६ चा आणि डम्पचं टूल ९.२ चं, म्हणून जॉब रोज एरर देऊन थांबत होता, आणि फेल झाल्याचे मेल डीमार्कच्या (खोटे मेल अडवण्याच्या) नियमात अडकून परत जात होते. शेवटी हातानं घेतलेला सहा तास जुना स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) होता म्हणून वाचले. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, जगासमोर लिहून ठेवलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

आपल्या सर्व्हरवर मेल पाठवायची सोयच नसेल तर क्रॉन एरर सरळ टाकून देतो. म्हणून उलटं करा, बॅकअप तपासून झाल्यावरच स्क्रिप्टनं बाहेर "झालं" असा निरोप पाठवायचा, आणि ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही तर फोनवर अलर्ट.

फाइल पूर्ण असली तरी आत सगळं असेलच असं नाही. मायएसक्यूएलडम्प स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्रॅम) आणि इव्हेंट (डेटाबेसमध्येच वेळ लावून ठेवलेली कामं) आपणहून घेत नाही, सांगावं लागतं. पोस्टग्रेसच्या पीजी-डम्पमध्ये युजर आणि रोल येत नाहीत, ते वेगळे काढायचे.

आणि फाइल आहे कुठं? त्याच मशीनवर असेल तर कोल्हापुरात तरी तो बॅकअप धरू नका. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शाहूपुरी-व्हीनस कॉर्नरला दुकानात शिरलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याला लावलेली हार्डडिस्क एकदमच बुडतात. एक कॉपी जिल्ह्याबाहेर पाहिजेच.

बॅकअप झाला याचा पक्का पुरावा एकच, रिस्टोर. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर फाइल चढवा, शेवटचं बिल कुठल्या तारखेचं आहे बघा, मोठ्या टेबलांचे रेकॉर्ड मोजा, एखादा रिपोर्ट काढून अकाउंटंटला दाखवा. रिस्टोरला किती वेळ लागला तेही लिहून ठेवा, सर्व्हर पडला की मालक पहिला प्रश्न तोच विचारतात, किती वेळात चालू होणार.